वहीतलं पहिलं नाव

काजबाईला काजबाई म्हणायचे, कारण शर्टांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं काजंच केली. बाह्या लावणारे बाह्या लावायचे, कॉलरवाले कॉलर बसवायचे, आणि सगळा शर्ट होऊन तिच्यापुढं आला की ती त्या चांगल्या कापडाला भोक पाडायची. मग त्या भोकाच्या कडेनं टाक्याला टाका लावत बसायची. नव्या मुली विचारायच्या, बाई, एवढ्या चांगल्या शर्टाला भोक पाडताना जिवावर येत नाही का? ती म्हणायची, येतं की. म्हणून तर पटकन पाडायचं.

शाळा तिची चौथीपर्यंतच, पण अक्षर वाटोळं आणि आवाज असा, की न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत जायचा. हे दोन गुण बघून चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांनी तिच्या हातात दोन वह्या दिल्या होत्या. एक निळी, एक काळी. निळीत मंडळीतल्या आजारी माणसांची नावं आणि काळीत त्या वर्षात प्रभूकडं गेलेल्यांची. रविवारी उपदेश संपला की साडेदहाच्या सुमाराला काजबाई पुढं जायची, आधी निळी वाचायची, मग काळी. निळीतल्यांसाठी मंडळी मागणं करायची, काळीतल्यांसाठी आभार मानायची. माणूस बरा झाला की निळीतलं नाव एका रेघेनं खोडायचं. बरा नाही झाला तर ते काळीत उतरवायचं. काळीतलं नाव मात्र खोडायचं नाही, असा नियम होता. तो कुणी केला नव्हता. तशी वेळच कधी आली नव्हती.

नवरा रंगारी. उंच इमारतींच्या भिंती रंगवायचा आणि बोलायचा फार. खालून जाणाऱ्या माणसांशी चौथ्या मजल्यावरून गप्पा मारायचा. एके दिवशी कुणाला तरी उत्तर द्यायला वळला आणि परांचीची फळी निसटली. जीव वाचला, पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, वाचला हेच नशीब. रंगारी म्हणाला, मग नशिबाला म्हणावं जरा थांबायचं होतं, माझं वाक्य अर्धं राहिलं.

त्या रविवारी काजबाईनं निळ्या वहीत नवं पान काढून पहिल्या ओळीवर नवऱ्याचं नाव लिहिलं. पान भरलं की नवं पान काढायचं आणि जी नावं अजून खोडली नाहीत ती त्यावर घ्यायची, अशी तिची पद्धत. पानं भरत गेली. खालची नावं आली, खोडली गेली, कुणी काळीत गेली. पहिलं नाव पहिलंच राहिलं. एका गृहस्थांचा मूतखडा निळ्या वहीत आला आणि तीन आठवड्यांत पडला, तेव्हा त्यांनी उभं राहून पाऊण तास साक्ष दिली. खड्याचा आकारही सांगितला. काजबाईनं त्यांच्या नावावर रेघ मारली. ती रेघ जरा जाड आली.

पहिलं वर्ष तिनं मनापासून मागणं केलं. दुसऱ्या वर्षी हट्टानं केलं. लोक म्हणायचे, प्रभू परीक्षा बघतो. ती म्हणायची, बघू दे, पण निकाल कधी लागतो ते कुणाला माहीत आहे का? तिसऱ्या वर्षी कारखान्यात काजाचं यंत्र आलं. तिला जे काज करायला दहा मिनिटं लागायची ते यंत्र दमही न घेता करायचं. मालक बरा माणूस, त्यानं तिला काढलं नाही, यंत्राच्या काजातून लोंबणारे दोरे कापायला बसवलं. एकतीस वर्षं काजं केलेली बाई दुसऱ्याच्या काजाचे दोरे कापू लागली. त्या दिवशी ती घरी आली, नवऱ्याला या कुशीवरून त्या कुशीवर केलं, पाठीला पावडर लावली, आणि रोजच्यासारखी मागणं करायला गुडघ्यावर बसली. थोडा वेळ बसली आणि उठली. काही बोलायचंच सुचेना. ज्याच्याशी बोलायचं तो खोलीत आहे की उठून गेलाय, हेच तिला कळेना.

तेव्हापासून तिनं घरी मागणं करणं सोडलं. रविवारची वही मात्र चालू होती, कारण ते काम होतं आणि काम तिनं कधी टाकलं नव्हतं. ती नावं वाचायची ती शर्टांची मापं वाचावीत तशी. स्वच्छ, एकामागून एक, आणि संपलं की जागेवर. कुणाला काही कळलं नाही. उलट लोक म्हणायचे, काजबाई किती शांत वाचते.

असं चौथं वर्षही सरत आलं. नवे पाळकसाहेब आले होते, वयानं लहान, हौशी. त्यांनी दोन वह्या बघितल्या, कोपरे दुमडलेले, पानं सुटलेली, आणि एक जाड रजिस्टर आणलं. लाल रेशमी फीत असलेलं. पुढून उघडलं की आजारी, उलटं करून मागून उघडलं की निवर्तलेले. निवर्तलेल्यांच्या बाजूला तारखेचा रकानाही होता. म्हणाले, काकू, यात सगळं सुंदर उतरवून द्या. काजबाई हो म्हणाली. मनात म्हणाली, उतरवून देते आणि सुटते. हे रजिस्टर रविवारी वाचायचं, त्यांच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, आता दुसरं कुणी बघा, माझा विश्वास राहिला नाही. विश्वास नसताना देवाच्या दारात उभं राहून आवाज लावणं तिला खोट्या मापासारखं वाटू लागलं होतं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ज्याला कूस बदलता येत नाही, त्याला आणि हे कशाला सांगायचं.

शनिवारी दुपारी ती नवऱ्याच्या खाटेशी स्टुलावर रजिस्टर ठेवून बसली. ते मागच्या बाजूनं उघडलं गेलंय हे ध्यानात न येता तिनं पहिली ओळ काढली आणि सवयीनं नवऱ्याचं नाव लिहिलं. तेवढ्यात तो म्हणाला, अगं, डावा खांदा मुंग्यांनी खाल्ला, जरा वळव. रजिस्टर मिटून तिनं त्याला वळवला, चादर ओढली, उशी लावली. परत येऊन रजिस्टर उघडलं ते दुसऱ्या, म्हणजे पुढच्या बाजूनं. पान कोरं होतं. तिला वाटलं, एक पान सुटलेलं दिसतंय, नाव आधीच्या पानावर आहे. तिनं निळीतली बाकी सगळी नावं तिथं उतरवली. मग उलटं करून काळीतली उतरवायला घेतली, तर पहिल्या ओळीवर नवऱ्याचं नाव आधीच होतं.

इथं खरी गोष्ट आहे. तिनं ते बघितलं. आणि तिला काही वाटलं नाही. चार वर्षं प्रत्येक पानाच्या डोक्यावर तेच नाव बघायची डोळ्यांना सवय होती. तिनं त्याच्या खाली काळीतली नावं लिहिली, फीत घातली आणि चहा टाकला.

रविवारी साडेदहाला तिनं आजाऱ्यांची नावं वाचली. नवऱ्याचं नाव आलं नाही, तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा मंडळीनं माना वर केल्या. मग तिनं रजिस्टर उलटं केलं आणि निवर्तलेल्यांत पहिलं नाव त्याचं वाचलं. त्याच आवाजात. पुढची सहा वाचली, रजिस्टर मिटलं, जागेवर जाऊन बसली. ऑर्गन वाजवणारे मास्तर नेहमीचं गीत वाजवायचे, त्यांनी दुसरंच सुरू केलं, फार संथ. मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं. काजबाईला वाटलं, सर्दीचे दिवस आहेत.

उपासना संपल्यावर ती रजिस्टर घेऊन पाळकसाहेबांकडं गेली. तिनं तोंड उघडायच्या आत त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते.

"काकू, आज तुम्ही आलात, वाचलंत. माझा सगळा उपदेश एकीकडं आणि हे एकीकडं. कधी झालं?"

काजबाईला वाटलं, याला कळलं वाटतं. बोलून टाकलं ते बरं.

"मनात वर्षभर होतं," ती म्हणाली. "आज तुम्हाला सांगून मोकळी होणार होते."

पाळकसाहेबांना वाटलं, दुःखानं बाईचं भान सुटलंय. त्यांनी तिला आतल्या खोलीत बसवलं, दोन बायकांना जवळ ठेवलं, पाण्याचा पेला दिला आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना तिच्या घरी पाठवलं. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, तुमच्यासारखा विश्वास आम्हाला असता तर! विश्वास उरला नाही हे सांगायला आलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. ती पाणी प्यायली. तेवढ्यात मंडळीतले सुतारकाका खिशातून टेप काढत दारात आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, यजमानांची उंची किती असेल?

"पाच फूट सात," काजबाई म्हणाली. "का?"

सुतारकाकांनी का ते सांगितलं.

इकडं घरी दार नुसतं लोटलेलं होतं. समोर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई काजबाई नसताना येऊन-जाऊन बघायच्या, त्या आपल्या घरी गेल्या होत्या. मास्तर आणि तीन वडीलधारे टोप्या हातात घेऊन पाय न वाजवता आत आले. रंगारी उशीवर डोकं ठेवून, डोळे मिटून, केस नीट विंचरून पडला होता. मास्तरांना वाटलं, किती शांत दिसतोय. त्यांनी मान खाली घालून सुरुवात केली. म्हणाले, असा हसतमुख माणूस होणे नाही, याच्या हाताचा रंग दहा वर्षं उडत नसे, चर्चची भिंत यानं एक पैसा न घेता रंगवली.

"दोनदा," रंगारी म्हणाला.

एक वडीलधारे खुर्चीवर बसले, तिथं खुर्ची नव्हती. बाकीच्यांनी त्यांना उचललं. काय झालं ते कळल्यावर रंगारी म्हणाला, चांगलं चाललं होतं, मला बोलायची घाई झाली. पुढं काय म्हणणार होतात?

बातमी तोवर गावभर झाली होती. परगावी दिलेली लेक तीन तासांचा प्रवास करून दुपारी येऊन थडकली. बापाला चहात बिस्कीट बुडवताना बघून आधी रडली आणि मग आईशी भांडली, की माणूस जिवंत आहे की नाही एवढं तरी बघून वाचावं. आईनं ऐकून घेतलं. संध्याकाळच्या गाडीनं लेक परत गेली. घर रिकामं झालं, तेव्हा काजबाई नवऱ्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. रंगारी अजून हसत होता. ती हसली नाही, तसा तो थांबला.

तिनं त्याला सगळं सांगितलं. की ती नुसती चूक नव्हती. की नाव तिथं दिसलं आणि तिला खटकलं नाही. की घरी मागणं सोडून वर्ष झालं. की देव आहे की नाही हेही तिला आता सांगता येत नाही, आणि तरी ती दर रविवारी पुढं उभी राहून त्याचं नाव वाचते, दोरे कापावेत तसं. की आज ती रजिस्टर परत द्यायला गेली होती, आणि ते अजून तिच्या पिशवीतच आहे.

रंगारी चौथ्या मजल्यावरून बोलणारा माणूस, पण त्यानं तिला मध्ये तोडलं नाही. मग म्हणाला, "फणी कुठाय?"

"आता कशाला?"

"उशाखाली बघ."

उशाखाली फणी होती. काजबाईनं ती कधी तिथं ठेवली नव्हती. तो म्हणाला, दर रविवारी सव्वादहाला नर्सबाई येतात आणि फणी देतात. पाठ उचलायला मदत करतात, उशी लावतात. मग तो केस विंचरतो. साडेदहाला त्याचं नाव देवापुढं जातं, तर आपण पसरलेलं कसं असायचं, जरा नीट असावं. पावणेअकरा झाले की तो परत आडवा होतो. चार वर्षांत एकही रविवार चुकला नाही. आजसुद्धा विंचरले होते. म्हणून तर मास्तर फसले.

काजबाईनं फणीत अडकलेले केस काढले.

"तू विश्वास ठेवून वाचतेस की नुसतं वाचतेस," रंगारी म्हणाला, "ते इथं खाटेवर कळत नाही. वाचतेस एवढं कळतं."

"आणि देवाला?"

"त्याला कळत असेल. पण त्यानं अजून दुसरं कुणी नेमलेलं नाही ना?"

त्या रात्री ती गुडघ्यावर बसली असं काही झालं नाही. तिनं त्याची कूस बदलली, पावडर लावली आणि झोपली. रजिस्टर मात्र तिनं पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. पुढच्या रविवारी उपदेश जरा लवकर संपला, ती पुढं गेली आणि आधी मंडळीला म्हणाली, गेल्या आठवड्यात तुम्ही मला फार मोठं केलंत, तर ते काढून घ्या. माझा विश्वास काडीएवढा आहे, तोही रोज नसतो. रजिस्टर दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर आज द्या. सगळे एकमेकांकडं बघू लागले. मूतखड्यावाले गृहस्थ उठून म्हणाले, तुमच्याइतका आवाज आमच्यात कुणाचा जात नाही. पाळकसाहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, काकू, काडीएवढा मलाही काही दिवशीच असतो, तुम्ही वाचा.

मग तिनं वाचलं. नवऱ्याचं नाव आता आजाऱ्यांत सर्वांत शेवटी लिहिलेलं होतं, कारण वर जागा नव्हती. ते वाचून झाल्यावर मंडळीनं डोळे मिटले. तिनं मिटले नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेदहाला दोन मिनिटं होती. तिनं मनात म्हटलं, विंचरतोय आता. वर्षभरात मनातल्या मनात तिनं कुणाला तरी उद्देशून म्हटलेलं ते पहिलं वाक्य. ते नवऱ्याविषयी होतं, पण नवऱ्याला नव्हतं.

पुढं ते असंच चाललं. कधी एक वाक्य, कधी तेही नाही. एकदा सलग दोन महिने ती देवाला फक्त एवढंच म्हणत होती, की मी आले आहे.

उरला प्रश्न निवर्तलेल्यांतल्या नावाचा. खोडावं तर त्या पानावर कधी कुणाचं खोडलेलं नाही. ठेवावं तर माणूस जिवंत. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत यावर दोन तास गेले. एक म्हणाले, पान फाडा. दुसरे म्हणाले, मग त्या पानावरचे बाकीचे कुठं जातील? शेवटी रंगाऱ्याकडंच निरोप गेला. तो म्हणाला, राहू द्या. बसमध्ये रुमाल टाकतात, तशी जागा धरलीय म्हणायचं. म्हणून नाव तसंच राहिलं, तारखेचा रकाना रिकामा. रविवारी वाचताना काजबाई ते गाळायची.

आणखी साडेतीन वर्षं गेली. रंगाऱ्याला छातीत कफ धरू लागला. एका रविवारी पहाटे त्यानं पाणी मागितलं, अर्धं प्यायला, काहीतरी सांगायला लागला आणि वाक्य पुन्हा अर्धं राहिलं.

नर्सबाई आल्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे मिटवले. लेकीला निरोप गेला. मग काजबाईनं घड्याळात बघितलं आणि साडी बदलायला घेतली. नर्सबाई म्हणाल्या, आज जाऊ नका, कुणी काही म्हणणार नाही. काजबाई म्हणाली, मला माहीत आहे. तुम्ही बसाल का यांच्याजवळ? नर्सबाई बसल्या.

साडेदहाला तिनं आजाऱ्यांची नावं वाचली. मग रजिस्टर उलटं केलं. तिथं या वर्षीचं पान उघडायचं होतं, पण ती मागं गेली, पार पहिल्या पानापर्यंत. तिथं रकान्यात सकाळीच लिहिलेली तारीख होती, शाई अजून काळीभोर. तिनं ते नाव वाचलं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

मंडळीत हळूच हसू फिरलं. कुणी म्हणालं, झालं, बाई परत चुकली. मास्तरांनी नेहमीचंच गीत वाजवायला घेतलं, ते या वेळी फसणार नव्हते. सुतारकाकांनी टेप खिशातून काढलाच नाही. पाळकसाहेब पुढं झाले, तिच्याजवळ वाकले आणि प्रेमानं म्हणाले, "काकू, पुन्हा तेच पान उघडलंत."

"हो," काजबाई म्हणाली. "आज बरोबर आहे."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी हात वर केला आणि मास्तरांचं बोट पट्टीवरच थांबलं. या वेळी कुणी तिला मोठं केलं नाही.

आता आभार मानायचे होते. निवर्तलेल्यांसाठी मागणं नसतं, आभारच असतात. पाळकसाहेब अजून हात वर धरूनच उभे होते, म्हणून ती रजिस्टर छातीशी धरून तशीच उभी राहिली आणि तिनं स्वतःच मानले. दोनच वाक्यं. साडेसात वर्षं हे नाव ऐकून घेतलंस, त्याबद्दल आभार. निघताना मी त्याचे केस विंचरून आले आहे.